सहलीचे फोटो उशिरा का येतात?





आपल्या वसतिगृहाची शैक्षणिक सहल निघाली की गाडी मोखाडा ओलांडायच्या आत माझ्या फोनवर निरोप यायला लागतात. "ताई, फोटो टाका." "आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर पाठवा." "रविवारी उपासनेनंतर पडद्यावर दाखवायचे आहेत." तुमचे असे विचारणे मला मनापासून आवडते. ज्यांनी मुलांच्या प्रवासासाठी पैसे दिले, प्रार्थना केली, कुणी खाऊचे डबे भरून दिले, त्यांना मुले कुठे पोहोचली हे पाहावेसे वाटणारच.

तरीही फोटो लगेच येत नाहीत. आठ-दहा दिवसांनी येतात, तेही मोजके. काहींना वाटते की आम्ही कामात गुंतलो असू, काहींना वाटते की आमच्याकडे नेटवर्क नसते. दोन्ही गोष्टी अधूनमधून खऱ्या असतात, पण मुख्य कारण वेगळे आहे. सहलीची माहिती समाजमाध्यमांवर कशी द्यायची, याची एक पद्धत आम्ही ठरवली आहे. ती तुम्हाला समजावून सांगावी म्हणून हा लेख. पद्धत चालण्यासाठी तुमचाही हात लागतो, ते शेवटी सांगते.

आधी सहलीविषयी

आपली बहुतेक मुले जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवरची. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी कुटुंबांतील. दिवाळी झाली की यांतील कित्येकांचे आईवडील वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात, भिवंडी-वसईकडे. मुले वसतिगृहात, पालक भट्टीवर, म्हातारी माणसे पाड्यावर, असे घर तीन ठिकाणी विभागले जाते. सहल याच दिवसांत असते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मागची सहल जुन्नर आणि पुण्याला गेली. पालकांची संमतीपत्रे आणि शाळेच्या परवानग्या झाल्या. एसटीने गेलो, कारण शालेय सहलीसाठी एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते. ही सवलत अनेक लहान संस्थांना ठाऊक नसते. आम्ही ती आमच्या फेसबुक पानावर अर्ज कसा करायचा यासह लिहिली, तेव्हा ओळखपाळख नसलेल्या दोन शाळांच्या शिक्षकांनी फोन करून माहिती विचारली. समाजमाध्यमाचा मला पटलेला पहिला उपयोग हा. आपण केलेले काम दुसऱ्याच्या कामी येते.

जुन्नर तालुक्यात खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या. त्यांतील 14 मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या आहेत. सगळ्या मिळून एकच दुर्बीण म्हणून काम करतात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. थाळ्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून बारीक पोलादी तारेच्या जाळीचा आहे, म्हणजे वारा आरपार जातो आणि एवढ्या मोठ्या थाळीवर ताण कमी येतो. आमच्या आठवीतल्या एका मुलाने वर पाहून लगेच म्हटले, "ताई, ही तर मासे धरायच्या जाळ्यासारखी आहे." रेडिओ लहरींच्या दृष्टीने त्याचे म्हणणे फार चुकीचे नव्हते. जाळीची भोके लहरीच्या लांबीच्या मानाने अगदी लहान असतात, म्हणून लहर जाळीतून निसटत नाही, परत फिरते.

तिथे एक नियम आहे: मोबाइल बंद. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की जवळ चालू असलेला साधा फोनही त्यांच्यापुढे आरडाओरडा केल्यासारखा ठरतो. म्हणून सहलीतल्या सर्वांत मोठ्या ठिकाणचा आमच्याकडे एकही फोटो नाही. मुलांनी वह्यांत चित्रे काढली. पुढे पानावर आम्ही तीच चित्रे लावली, खाली मुलांच्या अक्षरातली दोन-दोन वाक्ये. त्या पोस्टखाली तुमच्यापैकी ज्यांनी प्रश्न विचारले, त्यांना आठवत असेल. उत्तरेही मुलांनीच लिहून दिली होती. फोटोंच्या कोणत्याही पोस्टवर इतके बोलणे झाले नव्हते.

तीन वर्तुळे

समाजमाध्यम हा एकच शब्द आपण वापरतो, पण प्रत्येक साधनाचा स्वभाव वेगळा आहे. कोणती माहिती कुणासाठी, हे ठरवल्याशिवाय साधन निवडता येत नाही. आम्ही तीन वर्तुळे मानतो.

पहिले वर्तुळ पालकांचे. त्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त कळले पाहिजे. इथे आम्ही व्हॉट्सॲपची प्रसारण यादी वापरतो, ग्रुप नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. वीटभट्टीवर एकच फोन चार कुटुंबांत फिरतो, मुकादमाच्या हाती जातो. तेथे सगळ्या मुलींच्या घरचे नंबर उघडे राहू नयेत. प्रसारण यादीत 256 जणांपर्यंत निरोप जातो आणि ज्याचा त्यालाच दिसतो. एक अट आहे: समोरच्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला हवा, नाहीतर निरोप पोहोचत नाही. म्हणून जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच वसतिगृहाचा नंबर आम्ही पालकांच्या फोनमध्ये साठवून देतो.

पालकांना लिहून पाठवण्यापेक्षा बोलून पाठवलेले बरे, कारण अनेकांना वाचता येत नाही. रोज रात्री एक मूल घरच्या बोलीत अर्ध्या मिनिटाचा निरोप बोलते: जेवलो, कुठे झोपणार, कोणाला बरे नाही, उद्या कुठे जाणार. हा निरोप भट्टीवर चूल पेटवता पेटवता ऐकला जातो. एका आईने सांगितले की लेकीचा आवाज तिने त्या रात्री पाच वेळा ऐकला आणि शेजारच्या झोपडीतल्यांनाही ऐकवला. पुढच्या वर्षी त्या शेजाऱ्यांनी आपल्या मुलीला सहलीला पाठवले. त्याआधी दोनदा नकार दिला होता.

दुसरे वर्तुळ तुम्हा हितचिंतकांचे. तुमच्यासाठी व्हॉट्सॲपचा चॅनेल आहे. चॅनेलवर आम्ही लिहितो, तुम्ही वाचता. वाचणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. येथे सहल परतल्यावर फोटो, चित्रे, मुलांचे लेख आणि खर्चाचा हिशेब येतो.

तिसरे वर्तुळ सर्व जगाचे, म्हणजे आपले फेसबुक पान. येथे जे जाते ते कुणीही पाहू शकते, उतरवून घेऊ शकते आणि मनाला येईल तिथे लावू शकते. म्हणून येथे सर्वांत कमी फोटो आणि सर्वांत जास्त उपयोगी माहिती: ठिकाण, परवानगी, प्रवास, मुले काय शिकली.

सहलीच्या वाटेवर असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्तुळात आम्ही काहीच टाकत नाही. अमुक गावातील मुक्कामी इतक्या मुली आज रात्री आहेत, हे जगाला सांगण्याचे काहीच कारण नाही. परत आल्यावर तेच सांगितले तर माहिती तितकीच राहते, धोका जातो. फोनच्या कॅमेऱ्यातली स्थान नोंदवण्याची सोय आम्ही बंद ठेवतो. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर ती नोंद निघून जाते, पण तोच फोटो दस्तऐवज म्हणून पाठवला तर सोबत जाते. वसतिगृहाची पाटी आणि गणवेशावरील नाव फोटोत येऊ नये, याकडेही लक्ष देतो.

मुलाची परवानगी

कायदा काय म्हणतो ते आधी सांगते. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण मूल मानला आहे आणि मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची खात्रीशीर संमती लागते, असे त्यात म्हटले आहे. 2015च्या बाल न्याय कायद्याचे कलम 74 त्याहून कडक आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, फोटो, किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. उल्लंघन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आपली सगळी मुले या कलमात मोडत नाहीत. पण एखादे मूल मोडत असेल, तर गटाच्या फोटोत 'हे मूल का नाही' असा प्रश्नही त्याची ओळख उघडी करू शकतो. म्हणून नियम सर्वांना एकच: चेहरा स्पष्ट दिसेल असा एकट्याचा फोटो नाही, पूर्ण नाव नाही, पाड्याचे नाव नाही.

पालकांची सही घेतली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. सही आई किंवा वडील करतात, फोटो मुलाचा असतो. खोडदहून निघताना नववीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. "ताई, माझा फोटो काढा, पण लावू नका." तिने कारण सांगितले नाही, मीही विचारले नाही. फोटो काढला, छापून तिला दिला, तिने तो पेटीत ठेवला. बाकी कुणी पाहिला नाही. आता परतल्यावर आम्ही सगळे फोटो आधी मुलांना दाखवतो. ज्याचा फोटो, त्याचा होकार. एकानेही नको म्हटले तर तो फोटो मागे राहतो आणि का, हे कुणी विचारत नाही. पाच-सहा दिवस यातच जातात. फोटो उशिरा येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

शब्द कुणाचे?

पुण्यात स्टेशनजवळ क्वीन्स गार्डन भागात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे. आदिवासी समाजांच्या वस्तू, वाद्ये, मुखवटे, चित्रे तेथे मांडली आहेत. आमची मुले आत गेली आणि पाच मिनिटांत चित्र पालटले. बाहेरच्या ठिकाणी गप्प असणारी मुले येथे एकमेकांना आणि मला समजावून सांगू लागली. बोहाड्याचे मुखवटे कोण बनवतो, कणग्या कशा लिंपतात, तारपा फुंकताना श्वास कसा धरायचा. वाळलेल्या भोपळ्याचा हा तारपा एका मुलाच्या आजोबांकडे आहे. परतल्यावर त्याने वहीत लिहिले, "काचेच्या मागे ठेवलेली वस्तू आमच्या घरी भिंतीला टांगलेली आहे. आजोबा गेल्यावर ती मी वाजवणार. काचेत ठेवणार नाही."

आता विचार करा, त्या संग्रहालयातल्या फोटोखाली काय लिहायचे? "दुर्गम भागातील गरीब आदिवासी मुले प्रथमच शहराचे दर्शन घेताना" असे लिहिले असते तर फोटो खूप फिरला असता, कदाचित देणग्याही जास्त आल्या असत्या. पण त्या खोलीत त्या दिवशी शिकवणारी मुले होती आणि शिकणारी मी होते. मग मुलांना बिचारे कसे ठरवायचे? दहावीतली मुले फोन वापरतात, आपले पान वाचतात. आपल्याविषयी असे लिहिलेले वाचून त्यांना काय वाटेल, ही आमची कसोटी. मुलाला मोठ्याने वाचून दाखवता येणार नाही, असे वाक्य आम्ही लावत नाही.

म्हणून फोटोखालचे शब्द मुलांचेच असतात. सहलीत पाच-पाच जणांचे गट असतात: एक टिपण घेतो, एक चित्र काढतो, एक प्रश्न विचारतो, एक गटाकडचा फोन सांभाळून फोटो घेतो आणि एक सगळ्यांवर लक्ष ठेवतो. रोज कामे बदलतात. परतल्यावर प्रत्येक गट एक पोस्ट तयार करतो. शुद्धलेखन मी तपासते, मजकूर बदलत नाही. खाते मात्र मोठ्यांच्या हाती असते. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम ही तिन्ही 13 वर्षांखालील मुलांसाठी नाहीतच. त्यापुढच्या मुलांचीही खाती आम्ही उघडून देत नाही.

पुण्यात मुलांनी आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिका पाहिली. श्री. अरविंद गुप्ता यांनी तेथे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवण्याचे मोठे काम केले. त्या खेळण्यांच्या चित्रफिती मराठीतही आहेत आणि फुकट पाहता येतात. आमच्या मुलांनी परतल्यावर काडेपेटी, सायकलच्या नळीचे तुकडे, स्ट्रॉ असे साहित्य जमवून आपली खेळणी केली. त्याचे लहान व्हिडिओ पानावर आहेत. त्यात फक्त हात दिसतात, चेहरे नाहीत. पाड्यावरच्या शाळांतील शिक्षकांनी ते वर्गात दाखवले. चेहऱ्याशिवायही मुलांचे कौशल्य दिसू शकते, हे मला त्या व्हिडिओंनी पटवले.

पैशांची बाब

काही महिन्यांपूर्वी आपल्या पानावरचा एक जुना गटफोटो एका अनोळखी खात्याने उचलला. त्यातील एका मुलाभोवती लाल वर्तुळ काढून खाली लिहिले, "या मुलाच्या ऑपरेशनसाठी मदत करा," आणि स्वतःचा क्यूआर कोड लावला. मुलगा ठणठणीत होता, त्या वेळी मैदानात कबड्डी खेळत होता. पण पोस्ट फिरत फिरत भट्टीवर पोहोचली आणि कुणीतरी त्याच्या वडिलांना विचारले, "तुझ्या पोराला काय झालंय?" तो माणूस हातातले काम टाकून रात्रीच्या गाडीने वसतिगृहात आला. मुलगा झोपेतून उठून समोर उभा राहिला तेव्हा वडील पायरीवरच बसले. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली, ती भरून देता आली. त्या रात्रीच्या प्रवासात त्यांच्या मनावर जे गेले, ते भरून देता येत नाही.

आम्ही ती पोस्ट कंपनीकडे कळवली, पोलिसांत तक्रार दिली आणि तो गटफोटो काढून टाकला. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी 1930 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. असे काही दिसले तर तुम्हीही तेथे कळवू शकता. तेव्हापासून एक गोष्ट पक्की ठरली: आपल्या कोणत्याही पोस्टवर क्यूआर कोड किंवा खाते क्रमांक असणार नाही. मुलाच्या फोटोसोबत पैसे मागणारी पोस्ट दिसली तर ती आपली नाही, असे खुशाल समजा. देणगीची माहिती या अंकात आणि पावतीपुस्तकावरच असते.

याला दुसरेही कारण आहे. परदेशी देणगीचा कायदा 2020 मध्ये बदलला. परदेशातून येणारी देणगी आता नोंदणी असलेल्या संस्थेलाही फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच घेता येते. फेसबुकची पोस्ट देशाच्या सीमेपाशी थांबत नाही. तीवर स्थानिक खाते दिले आणि परदेशी नागरिक असलेल्या एखाद्या मित्राने सद्भावनेने त्यात रक्कम पाठवली, तर ती सद्भावनाच संस्थेला अडचणीत आणते. भारतीय पासपोर्ट असलेल्या, परदेशात राहणाऱ्या आपल्या बांधवांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी यात मोडत नाही. तरीही त्यांनी आधी कार्यालयाशी बोलून घ्यावे.

तुम्ही काय करू शकता

आता तुमच्या हाताचा भाग. चॅनेलवर आलेला फोटो पाहा, घरच्यांना दाखवा, पण स्वतःच्या ग्रुपवर पुढे पाठवू नका. पुढे पाठवायचे असेल तर मुलांची चित्रे आणि लेख पाठवा. ते त्यासाठीच आहेत. उपासनेनंतर पडद्यावर दाखवायचे असेल तर आठ दिवस आधी कळवा. मुलांनी होकार दिलेले फोटो आणि त्यांचे लेख आम्ही वेगळे पाठवू. त्या कार्यक्रमाचा फोटो काढताना पडदा त्यात येणार नाही, एवढे पाहा. वसतिगृहाला भेट द्याल तेव्हा मुलांसोबत सेल्फी घेण्यापूर्वी मुलाला विचारा, आणि ते गप्प राहिले तर त्याचा अर्थ 'नको' असा घ्या. आपली मुले पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत.

आणि पोस्ट आवडली तर अंगठा दाखवून थांबू नका, प्रश्न विचारा. "थाळीला जाळी का असते?" "तारपा कसा वाजवतात?" असा प्रश्न आला की आम्ही तो फळ्यावर लिहितो आणि जेवणानंतर मुले उत्तर तयार करतात. दूरचे कुणीतरी आपल्याकडून काहीतरी शिकू पाहते आहे, हे मुलांना त्यातून कळते. पोस्टला किती जणांनी पसंती दिली ते आम्ही मोजत नाही, पण प्रश्न मात्र सगळे वहीत उतरवून ठेवले आहेत.

येत्या सहलीसाठी प्रार्थना करा. परवानग्या वेळेवर मिळाव्यात, मुले सुखरूप जावीत आणि यावीत, भट्टीवरच्या आईवडिलांना रात्रीचा निरोप ऐकू यावा. तुम्हाला फोटो थोडे उशिराच मिळतील. तोवर मुले वह्या भरत असतील.

आपली सेवेतील बहीण,
वसतिगृह अधीक्षिका